परगावी आजारपण आले, तर घरी आणण्याचा खर्च कोण देणार?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): मी निपाणीची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे, वय ६६. माझे यजमान परिवहन महामंडळातून निवृत्त झाले असून ते ६९ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. काही महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या दिरांना हरिद्वारला पक्षाघाताचा झटका आला. तिथल्या दवाखान्यातून पुतण्याने त्यांना खासगी ॲम्ब्युलन्सने थेट बेळगावला आणून पुन्हा दाखल केले. त्यात घरातली बरीच पुंजी गेली आणि विमा कंपनीने ॲम्ब्युलन्सचे म्हणून फक्त २,००० रुपये दिले. आम्हा दोघांचीही तीच आरोग्य संजीवनी पॉलिसी आहे आणि तीही कोल्हापूरच्या त्याच एजंटाकडून घेतलेली आहे. येत्या मे महिन्यात आम्ही यात्रा कंपनीबरोबर चारधामला जाणार आहोत आणि सप्टेंबरमध्ये मुलाकडे जर्मनीत दोन महिने राहणार आहोत. आजारी माणसाला विमानाने आपल्या पसंतीच्या दवाखान्यापर्यंत आणणाऱ्या कंपन्यांचे सभासदत्व मिळते, ते घ्या, असे मुलगा म्हणतो. यजमान म्हणतात, विम्यात काही अर्थ नाही, देवाच्या भरवशावर निघू. आम्ही काय करावे? आणि दिरांच्या पैशांसाठी आता काही करता येईल का?

उत्तर:

बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्या दिरांच्या बाबतीत घडले ते वाचून वाईट वाटले. पण त्यात कंपनीने फसवले असे मला दिसत नाही आणि आपण हे आधी समजून घेतलेत तर पुढचा निर्णय सोपा जाईल. आरोग्य विमा असो वा प्रवास विमा, रुग्ण जिथे पडला तिथून त्याच्यावर योग्य उपचार होऊ शकतील अशा जवळच्या रुग्णालयापर्यंत त्याला नेण्याचा खर्च देणे, सहसा एवढेच त्यातल्या वाहतुकीच्या कलमाचे काम असते. ‘आपल्या माणसांत, आपल्या डॉक्टरांकडे आणणे’ हे काम त्यात सहसा धरलेलेच नसते. कुटुंबाला मात्र संकटाच्या क्षणी नेमके तेच हवे असते. आपण ज्याची तरतूद समजून हप्ते भरतो आणि कंपनी ज्याची तरतूद करते, त्यांतला हा फरक निघण्यापूर्वीच कळलेला असावा, म्हणून मी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आरोग्य संजीवनी ही विमा नियामकाने मजकूर ठरवून दिलेली पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२० पासून ती आली आणि कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. तिच्यात रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्ससाठी दर दाखल होण्यामागे जास्तीत जास्त २,००० रुपये आहेत आणि प्रत्येक मंजूर क्लेममधला पाच टक्के भाग आपण सोसायचा असतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी ही रक्कम बऱ्यापैकी कामी येते. हरिद्वार ते बेळगाव हे अंतर सुमारे २,००० किलोमीटरचे आहे. अशा प्रवासाचा विचार करून ते कलम लिहिलेलेच नाही. याहून महाग पॉलिसींमध्ये ॲम्ब्युलन्सचा प्रत्यक्ष खर्च किंवा एअर ॲम्ब्युलन्सही मिळते. परंतु तिथेही जीवाला धोका असणे, डॉक्टरांची लेखी शिफारस असणे, जवळ तशी सोय नसणे आणि प्रवास रुग्णालयाकडेच होणे, अशा अटी असतात. बरे वाटल्यावर घरी परतण्याचा प्रवास त्यांतही बसत नाही.

इथे एका कागदाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधते, कारण अनेक क्लेम त्याच्यावरच अडतात. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवताना डॉक्टर जी चिठ्ठी देतात, तिच्यावर ‘येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नसल्याने हायर सेंटरला पाठवत आहोत’ असे लिहिलेले असेल, तर ती वैद्यकीय गरज ठरते आणि पॉलिसीच्या मर्यादेत पैसे मिळतात. त्याच चिठ्ठीवर ‘नातेवाइकांच्या विनंतीवरून’ असे आले किंवा नातेवाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेतला, ज्याला दवाखान्यात ‘डामा’ म्हणतात, तर हलवण्याचा खर्च कुटुंबाच्या अंगावर पडतो आणि पुढच्या उपचारांच्या क्लेमलाही प्रश्न विचारले जातात. घाबरलेल्या माणसाकडून अशा कागदावर सही करून घेतली जाते तेव्हा त्याला ती केवळ सुटकेची औपचारिकता वाटते. म्हणून सही करण्यापूर्वी ओळ वाचावी आणि हलवण्याचे कारण खरोखर वैद्यकीय असेल तर ते कारण स्पष्ट लिहून मागावे. तो रुग्णाचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

सरकारी १०८ बद्दलही अपेक्षा नेमकी असलेली बरी. ही सेवा मोफत आहे आणि ज्या त्या राज्याची स्वतंत्र आहे. कर्नाटकात ती २००८ पासून आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून. आपल्याकडे आजारपणात कोगनोळीची कर्नाटक-महाराष्ट्र सीमा कोणी मनात धरत नाही, निपाणीचा रुग्ण सहज कोल्हापूरला जातो आणि खानापूरचा गोव्याला; परंतु १०८ चे काम तातडीच्या वेळी जवळच्या योग्य रुग्णालयात पोहोचवण्याचे आहे, राज्ये ओलांडून घरी सोडण्याचे नाही. उत्तराखंडातही १०८ हाच क्रमांक चालतो. रेल्वेत त्रास झाला तर १३९ वर कळवावे, म्हणजे पुढच्या स्थानकावर डॉक्टरांची व्यवस्था करता येते. ऑनलाइन तिकिटाबरोबर ४५ पैशांत मिळणारा विमा जरूर घ्यावा, पण तो रेल्वे अपघातासाठी आहे. डब्यात हृदयविकाराचा झटका आला तर त्याचा उपयोग नाही.

आता चारधाम. केदारनाथ सुमारे ३,५८३ मीटर उंचीवर आहे आणि गौरीकुंडापासून चालण्याची वाट साधारण १६ किलोमीटरची आहे. स्टेंट असलेल्या माणसाने तिथे जावे की नाही, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून सांगावे, विमा एजंटाने नव्हे. हेलिकॉप्टरने गेले की प्रश्न सुटतो अशी पुष्कळांची समजूत आहे. चालण्याचे कष्ट वाचतात हे खरे, पण शरीर काही मिनिटांत विरळ हवेत पोहोचते आणि जुळवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही, हेही डॉक्टरांशी बोलताना सांगावे. आजार उद्भवलाच तर तिथून खाली आणणे हीच खरी पहिली वाहतूक असते. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स सुरू केली होती, ती चालू आहे का ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. परंतु पर्वतात धुके किंवा पाऊस असेल तर कोणतेही हेलिकॉप्टर उडत नाही आणि मग घाटरस्त्यानेच श्रीनगर गढवाल किंवा ऋषिकेश गाठावे लागते. बद्रीनाथ ते ऋषिकेश हा रस्ता जवळपास ३०० किलोमीटरचा आहे. पैसे असूनही वेळ लागणार, हे इथे गृहीत धरावे लागते.

या यात्रेसाठी आपण देशांतर्गत प्रवास विमा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, पण कोणताही घेऊ नये. यात्रा कंपनी ‘विमा आमच्याकडून आहे’ असे सांगेल. तिच्याकडून पॉलिसीची प्रत मागा, कारण असा विमा बहुतेकदा अपघातापुरता असतो आणि आजारपण त्यात येत नाही. स्वतः घेताना कंपनीला मेलवर लेखी विचारा: आजारपणामुळे रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो की केवळ अपघातामुळे? रक्कम किती, आणि ती उपचाराच्या रकमेतूनच वजा होते की वेगळी आहे? ३,५०० मीटरवरच्या ठिकाणी ती चालते का? आणि तीन वर्षांपूर्वीच्या स्टेंटशी संबंधित त्रास झाला तर काय? यांतला शेवटचा प्रश्न आपल्या घरासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक प्रवास विम्यांत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो किंवा जीव वाचवण्यापुरती ठरावीक रक्कमच त्यासाठी ठेवलेली असते. म्हणजे यजमानांना ज्या कारणाने ॲम्ब्युलन्स लागण्याची शक्यता अधिक, नेमके तेच कारण बाहेर राहू शकते. अशी अट असेल तर थोडा जास्त प्रीमियम भरून आधीच्या आजाराला संरक्षण देणारी योजना घ्यावी. स्टेंटची माहिती लपवून स्वस्त पॉलिसी काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नका. रुग्णालयाच्या केस पेपरवर ‘जुना स्टेंट’ ही पहिल्याच ओळीत येणारी नोंद आहे.

जर्मनीच्या बाबतीत निवड आपल्या हाती फारशी नाही, आणि ते एका अर्थी बरे आहे. जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणे, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत पाठवणे आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणे, हे सर्व त्यात असावेच लागते. मायदेशी परत आणण्याचे कलम आपल्या देशातल्या पॉलिसींमध्ये शोधून सापडत नाही, ते इथे आपोआप मिळते. तरीही ३०,००० युरो हा व्हिसा मिळण्यापुरता आकडा आहे असे समजा. अतिदक्षता विभागातले काही दिवस आणि त्यानंतर नर्ससह विमानप्रवास एवढ्यात भागेलच असे नाही. रक्कम याच्या दुप्पट-तिप्पट घ्यावी आणि वय ६० च्या पुढच्यांसाठी खोलीभाडे, शस्त्रक्रिया यांवर वेगळ्या उपमर्यादा घातल्या आहेत का ते पाहावे. कारण कव्हरवरचा मोठा आकडा या उपमर्यादांनी आतून कमी झालेला असतो. पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी लागते आणि मुक्काम वाढलाच तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी लागते. तिथे तातडीचा क्रमांक ११२ आहे. जर्मनीत ॲम्ब्युलन्स फुकट नसते, हेही मुलाला ठाऊक असेल.

परत आणण्याचा निर्णय मात्र आपला नसतो. विमा कंपनीने नेमलेली मदत कंपनी असते, तिचे डॉक्टर तिथल्या डॉक्टरांशी बोलतात आणि रुग्णाला हलवणे गरजेचे व सुरक्षित आहे की नाही, कधी, आणि साध्या विमानात नर्ससह बसवून, स्ट्रेचरवर की एअर ॲम्ब्युलन्सने, हे ठरवतात. यामागे केवळ पैशांचा हिशेब नाही. प्रवासी विमानाच्या आतली हवा सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते, त्यामुळे नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णाला घाईने चढवणे जिवावर बेतू शकते. विमान कंपनीलाही डॉक्टरांनी भरलेला अर्ज आधी लागतो. स्ट्रेचरची सोय प्रत्येक विमानात नसते आणि जिथे असते तिथे अनेक आसनांची जागा घ्यावी लागते. या सगळ्यात एक नियम पक्का लक्षात ठेवा: मदत कंपनीला फोन केल्याशिवाय आणि तिची मंजुरी घेतल्याशिवाय स्वतःहून ॲम्ब्युलन्स किंवा विमान ठरवलेत, तर तो खर्च नाकारला जाण्याची दाट शक्यता असते. जीव वाचवण्यासाठी जवळच्या रुग्णालयात नेणे याला अर्थातच अपवाद आहे. तिथे आधी रुग्णालय, मग फोन.

मुलगा सांगतो ती सभासदत्वाची योजना खरी आहे. विम्याची वाहतूक जिथे थांबते तिथून तिचे काम सुरू होते. रुग्णालयात दाखल झालेल्या सभासदाला त्याच्या पसंतीच्या, सहसा मायदेशातल्या, रुग्णालयात आणून सोडणे हेच तिचे वचन असते. परंतु अशा योजना प्रामुख्याने अमेरिका-कॅनडातील रहिवाशांसाठी आखलेल्या आहेत, घरापासून ठरावीक अंतराच्या पलीकडेच त्या चालतात, फार वयस्करांसाठी वेगळ्या अटी असतात आणि उपचारांचा खर्च त्या देत नाहीत. निपाणीचा कायमचा पत्ता असलेल्या जोडप्याला सभासद करून घेतात का आणि शेवटचा टप्पा बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत आहे की मुंबईपर्यंतच, हे मुलाने लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. माझ्या मते आपल्याला तिची गरज नाही. तेच पैसे जर्मनीच्या पॉलिसीची रक्कम वाढवण्यात घालावेत.

मग चारधामहून घरी परतण्याची वेळ आली तर? इथे मी माझे मत स्पष्टच सांगते. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि हृदयविकारातही पहिले काही तासच मोलाचे असतात. पहिले उपचार तिथेच, जवळच्या सक्षम रुग्णालयात व्हायला हवेत. त्यानंतर रुग्ण स्थिर होईपर्यंत त्याला बेळगावला आणण्याची धडपड करण्यापेक्षा घरच्या कर्त्या माणसाला तिकडे धाडावे. रुग्ण ठरावीक दिवसांहून अधिक काळ दाखल राहिला तर एका नातेवाइकाच्या जाण्यायेण्याचे तिकीट आणि काही दिवसांचा मुक्काम देणारे कलम अनेक प्रवास विम्यांत असते आणि ते आपल्यासारख्यांना फार उपयोगी आहे. पॉलिसी निवडताना ते जरूर शोधा. आठ-पंधरा दिवसांनी डॉक्टर परवानगी देतील तेव्हा साध्या विमानाने किंवा रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून सोबतीने येता येते. तो खर्च सहसा कोणताच विमा देत नाही, म्हणून त्यासाठी कधीही मोडता येईल अशी एक ठेव दोघांच्या नावे ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने ठेवावी, म्हणजे एकजण रुग्णालयात असताना दुसऱ्याला बँकेत अडचण येणार नाही.

मूळ आरोग्य विम्याचेही बघा. २०२४ पासून कंपन्यांना केवळ वय ६५ च्या पुढे गेले म्हणून आरोग्य विम्याची दारे बंद ठेवता येत नाहीत आणि आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्याचे पैसे मिळू लागेपर्यंतचा काळ, तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केली तर आधी भरलेली वर्षे प्रतीक्षेत मोजली जातात. अधिक चांगले ॲम्ब्युलन्स कलम हवे असेल तर हा मार्ग आहे, मात्र केवळ त्या एका कलमासाठी पोर्ट करू नका, उपचारांची रक्कमही वाढत असेल तरच करा. आपल्या भागात पॉलिसीचे कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात आणि एजंट तोंडी मराठीत जे सांगेल त्यावर लोक विसंबतात. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले ग्राहक माहिती पत्रक देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यायचे असते. आपण मराठीत मागा. कोल्हापुरात पॉलिसी विकणाऱ्या कंपनीला ते अवघड जाऊ नये.

दोघांच्याही पाकिटात एक जाड कागद ठेवा. त्यावर पॉलिसी क्रमांक, मदत कंपनीचा चोवीस तासांचा फोन, स्टेंट कधी बसवला, चालू गोळ्यांची नावे व मात्रा, रक्तगट आणि मुलाचा नंबर हे सगळे देवनागरीबरोबरच इंग्रजी अक्षरांतही असावे. मोबाईलमध्ये ठेवलेली माहिती कुलूपबंद फोनमधून कोणालाच काढता येत नाही. यात्रेतल्या गटप्रमुखाकडेही त्याची प्रत द्या.

शेवटी दिरांचा प्रश्न. हरिद्वार ते बेळगाव ॲम्ब्युलन्सची उरलेली रक्कम मिळेल अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही. पॉलिसीची मर्यादाच तेवढी आहे आणि विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे विमा लोकपाल पॉलिसीच्या बाहेर जाऊन पैसे मंजूर करत नाहीत. परंतु त्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतील संबंधित औषधे, तपासण्या, डॉक्टरांची फी असा खर्च येतो, आणि दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांचाही. घाईगर्दीत त्यांची बिले बहुतेकदा दिलीच जात नाहीत. बेळगावला पुन्हा दाखल केले होते, तेव्हा ॲम्ब्युलन्सची मर्यादा दोन्ही दाखल होण्यांसाठी वेगवेगळी धरली होती का, हेही कंपनीला लेखी विचारावे. कंपनीच्या तक्रार विभागाने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा समाधानकारक दिले नाही, तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. सीमाभागातल्या आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेली एक सोय अशी, की तक्रारदार जिथे राहतो तिथल्या किंवा कंपनीची संबंधित शाखा जिथे आहे तिथल्या, अशा कोणत्याही एका लोकपालांकडे जाता येते. निपाणीच्या पत्त्यावरून बेंगळुरूचे कार्यालय येते, तर पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेची असेल तर पुण्याचे. मराठीत बाजू मांडायची असेल तर पुतण्याने पुण्याचा पर्याय घ्यावा. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत ही तक्रार द्यावी लागते, म्हणून त्याला आधी त्या पत्रावरची तारीख पाहायला सांगा.